पूजेतली काडतुसं

डब्याचं झाकण उघडलं आणि दुकानात हळदीचा वास पसरला. बंदुकीच्या दुकानात रॉकेलचा वास येतो, जळक्या दारूचा येतो, फार तर शेठच्या अत्तराचा येतो. हळदीचा वास त्या दिवशी पहिल्यांदाच आला. आत लाल मखमलीच्या तुकड्यावर रायफलची काडतुसं ओळीनं मांडलेली होती. सोन्यासारखी लखलखत होती आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं.

"हे काय, बापूसाहेब?" मी विचारलं.

"गोळ्या हायेत. दुसरं काय दिसून राहिलं तुमाला?"

"दिसतात गोळ्याच. पण लग्नाला निघाल्यासारख्या."

बापूसाहेब हसले नाहीत. ते आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पलीकडच्या एका गावचे देशमुख. चाळिशीचे, अंगानं दणकट, आणि आपल्या वस्तूला कुणी नाव ठेवलेलं न खपणारे. आमच्याकडे ते रायफल तपासायला म्हणून आले होते. त्यांच्या मागे पायरीवर एक म्हातारा उभा होता. चपला हातात, डोक्याला मळकं पागोटं. देशमुखांच्या गावाला लागून लमाणांचा तांडा होता, त्या तांड्याचा तो नाईक, म्हणजे प्रमुख. नाव सोमला.

"आत या, नाईक," मी म्हटलं.

"इथंच बरा हाय, मिस्त्री. तुमी राफल बघा."

मी हिंगोलीचा. जातीनं लोहार, धंद्यानं बंदुकीचा मिस्त्री. हैदराबादला एका उस्तादांच्या हाताखाली हे काम शिकलो आणि गावी परत आलो. हिंगोलीला एके काळी मोठी छावणी होती. छावणी उठली, बाजार राहिला, आणि त्या बाजारात आमच्या शेठचं लायसन्सवाल्या बंदुकींचं दुकान राहिलं. मी सांगतो ती गोष्ट निजामाच्या राज्यातली, मोठी लढाई चालू होती त्या दिवसांतली. लढाईमुळे विलायतेहून माल यायचा बंद झाला होता. कारखाने सगळे फौजेसाठी काडतुसं करत होते. शिकारीच्या रायफलला नवं काडतूस मिळणं म्हणजे देव भेटण्यापैकीच होतं.

आणि त्याच वर्षी गोरेगावकडच्या डोंगरात वाघ माजला. खरं तर बिबट्या. आमच्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात. आधी त्यानं तांड्यातल्या शेळ्या नेल्या, मग वासरू नेलं. मग सोमला नाईकाची नात नेली. चार वर्षांची पोर, झोपडीच्या दारात बसून भाकरीचा तुकडा खात होती. आई पाण्याचा हंडा आत ठेवायला वळली तेवढ्यात नेली. नाल्यात जे सापडलं ते सोमलानं डोक्याचं पागोटं सोडून त्यात गुंडाळून आणलं. हे मला बापूसाहेबांनी सांगितलं. सोमला पायरीवरच उभा होता. त्याच्या डोक्याला होतं ते पागोटं नवं नव्हतं आणि त्याच्या मापाचंही नव्हतं. कुणाचं तरी मागून बांधलेलं होतं.

तांड्यात बंदूक नव्हती. सरकार त्यांना लायसन देत नव्हतं. पंचक्रोशीत रायफल एकच, देशमुखांची. म्हणून सोमला त्यांच्या ओट्याशी जाऊन बसला आणि उठेना. शेवटी बापूसाहेब तयार झाले. माणूस वाईट नव्हता. भ्याडही नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना शिव्या घालतात.

रायफल मी पाहिली. तीनशे पंधरा बोअरची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बोल्ट सुरेख सरकत होता. बॅरल आतून स्वच्छ, पिनचं टोक शाबूत. दर दसऱ्याला तिला अंघोळ घालत होते, पण घरातला कुणीतरी शहाणा नंतर पुसून तेलही देत असावा. रायफलबद्दल माझी तक्रार नव्हती.

आता काडतूस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात. पण गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जाऊन लागतं. मागे असते ती पितळेची नळी, तिला आम्ही केस म्हणतो. केसमध्ये दारू. आणि केसच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी, आपल्या गुंडीएवढी. घोडा दाबला की रायफलची पिन त्या टोपीवर आपटते, टोपीतली चिमूटभर दारू पेटते, तिनं आतली दारू पेटते, आणि गोळी जाते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागतं. टोपी पेटलीच नाही तर त्याला मिसफायर म्हणतात. ते परवडलं. पण टोपी धुमसत राहिली आणि दारू उशिरानं पेटली, तर त्याला म्हणतात हँगफायर. माझे उस्ताद त्याला 'सोता हुआ साँप' म्हणायचे.

"ह्यांची पूजा दर वर्षी करता?" मी डब्याकडे बोट दाखवलं.

"वडलांपासून. दसऱ्याला तलवार, राफल आन् गोळ्या. शस्त्राची पूजा नको का करायला?"

"पूजा करा. पण कशी करता ते सांगा."

त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आधी चिंचेनं घासायच्या. घरातली बाईमाणसं देवाची भांडी घासतात तशाच. मग पाण्यानं धुवायच्या, फडक्यानं पुसायच्या, गोड्या तेलाचं बोट फिरवायचं. वर हळदीकुंकू. मग डबा वर्षभर देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात.

मी कपाळाला हात लावला. सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी हसूही आलं. काडतूस नासवायचं म्हणून कुणी नेटानं ठरवलं असतं तरी ह्याहून चांगला उपाय सापडला नसता. चिंच पितळ खाते. पाणी फटीतून आत जातं. आणि तेल? तेल तर टोपीचा वैरी. दर वर्षी थोडं थोडं झिरपतं आणि टोपीतल्या दारूला भिजवतं. रायफल धुतली तर पुसता येते हो, काडतूस आतून पुसता येत नाही.

"बापूसाहेब, ही वापरू नका. एकही."

"काहून?"

मी सगळं समजावलं. ते ऐकत होते, पण नजर त्या डब्यावरच. मग मी कपाटातून आमच्याकडचा माल काढला. लढाईच्या आधी आलेला एक पुडका शिल्लक होता, टिनाच्या डब्यात बंद. त्यातली काडतुसं काळपट दिसत होती, तपकिरी डागांची. पितळ नुसतं पडून राहिलं की असंच दिसतं. बापूसाहेबांनी एक उचलून उजेडात धरलं आणि नाक मुरडलं.

"ही चांगली, आन् आमची खराब? डोळे फुटले का माझे, मिस्त्री?"

बाजारात वांगी घेताना चकचकीत बघून घेतात तशी त्यांना काडतुसं घ्यायची होती. आणि समोरच्या दोन ढिगांत जो चकचकीत होता तोच खोटा होता. ह्या धंद्यातली ही मोठी पंचाईत आहे. चांगला माल गरीब दिसतो.

मी त्यांच्यासमोरच निवड केली. आधी बुडावरचा शिक्का पाहिला, बोअर बरोबर आहे का. मग भिंगाखाली नळीची मान पाहिली, जिथं गोळी बसवलेली असते. तिथं केसाएवढी चीर असली तरी काडतूस बाद. हिरवा गंज बोटाला लागला, बाद. गोळी अंगठ्यानं हलली, बाद. टोपी खोल गेलेली किंवा वर आलेली असली, बाद. मग शेजारच्या सोनाराकडून काटा आणला आणि एकेक तोलून पाहिलं. जे इतरांपेक्षा हलकं भरलं ते बाजूला काढलं, आत दारू कमी असणार म्हणून. शेवटी राहिलेली रायफलमध्ये घालून, घोड्याला हात न लावता, बोल्ट सहज बंद होतो का ते पाहिलं. एवढ्या सगळ्यातून पाच उरली.

सोमला पायरीवरून केव्हा आत आला ते मला कळलं नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. बाजारात बैलाचे दात बघताना तांड्याची माणसं बघतात तशा नजरेनं.

"एवढी खराब निघती?" तो म्हणाला.

"निघतात, नाईक. कारखान्यातून चांगली येतात. पुढं माणसाच्या हाती लागतात."

"आन् हे पाच?"

"माझ्या पोराच्या हातात रायफल असती तर मी त्याला हीच दिली असती."

शेठ गादीवरून हे सगळं ऐकत होते. त्यांचा स्वभाव भित्रा, पण मन चांगलं. मोठ्या घरचं गिऱ्हाईक दुखावलं जातंय हे त्यांना बघवेना.

"गणपत, इतना क्यूँ झगडता? चांदमारी पे जाओ, मार के देखो. दूध का दूध, पानी का पानी."

चांदमारी म्हणजे छावणीतल्या शिपायांचं निशाणा मारायचं जुनं मैदान. मातीचा उंच बांध तेवढा उरला होता. मी शेठना म्हटलं, मारून काही कळत नाही. शेठ म्हणाले, कळतं कसं नाही. बापूसाहेब तर उठलेच. आम्ही निघालो.

त्यांनी स्वतः पूजेतलं एक काडतूस घातलं आणि बांधावर मारलं. ठो. खणखणीत आवाज, माती उडाली. दुसरं घातलं. ठो. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मिशीला नुसता हात लावायचा बाकी होता.

तिसरं घातलं. ह्या वेळी आधी टक झालं, मग ठो. मधला वेळ एवढासाच. जेवताना ठसका लागावा आणि लगेच जावा तेवढाच.

"आयकलं का?" मी म्हटलं.

"काय आयकायचं? उडाली की."

"उशिरानं उडाली."

"तुमचे कान उशिरानं आयकत असतील, मिस्त्री."

तेव्हा सोमला बोलला. "मालक, म्याबी आयकलं. टक येगळं झालं, ठो येगळं झालं."

बापूसाहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो दोन पावलं मागे सरला. पण त्यांनाही कुठंतरी लागलं असावं, कारण परतताना ते म्हणाले, "बरं. तुमचीच पाच घेतो. झालं समाधान?"

"आणि डबा इथं ठेवून जा. मी ती उघडून निकामी करतो."

"डबा न्हाई. त्या देवाच्या हायेत. घरी कोनाड्यात राहतील."

लायसन त्यांचं, काडतुसं त्यांची, देव त्यांचा. मी बराच आग्रह केला. शेठनी डोळ्यांनीच 'बस कर' म्हटलं. शेवटी मी दोघांनाही समोर उभं करून एकच गोष्ट सांगितली. घोडा दाबल्यावर नुसतं टक झालं, तर रायफल खांद्यावरून काढायची नाही. नळीचं तोंड समोरच ठेवायचं. बोल्ट उघडायचा नाही. सावकाश एक पान लावून होईल एवढा वेळ थांबायचं. चुना, कात, सुपारी, सगळं. मग काय करायचं ते करा.

"तेवढ्या वेळात वाघच पान खाऊन जाईल," बापूसाहेब म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. शेठही हसले. सोमला हसला नाही. त्यानं ओठातल्या ओठात पुन्हा म्हणून पाहिलं, चुना, कात, सुपारी.

निघताना तो मागे राहिला. "मिस्त्री, तुमी चला न तिकडं. तुमी बसले तर बराबर व्हईल."

मी शेठकडे पाहिलं. शेठनी मान हलवली, पण आडवी. लायसन दुकानाचं, मिस्त्री दुकानात पाहिजे. तेही खरंच होतं. सोमलानं दोन्ही हात जोडले आणि पायरीवर चपला घातल्या.

पुढं काय झालं ते मला नाक्यावरच्या शिपायाकडून कळलं. तो दुकानात आला आणि म्हणाला, अमीनसाहेबांनी बोलावलंय, भिंग घेऊन या. अमीन म्हणजे तेव्हाचा पोलिसांचा अधिकारी. मी विचारलं, वाघ मेला का? शिपाई म्हणाला, नाईक मेला.

दवाखान्याच्या आवारात बैलगाडी उभी होती. गाडीत कडब्यावर सोमला होता. वरून घोंगडी. मी घोंगडी उचलली नाही. गोळी कुठं लागली ते मला डॉक्टरनं सांगितलं, मला बघायचं नव्हतं. गाडीच्या चाकाजवळ तांड्याची चार-दोन माणसं उकिडवी बसली होती आणि कुणीही रडत नव्हतं.

कचेरीत बापूसाहेब बाकावर बसले होते. फेटा मांडीवर. शेठ माझ्या आधी येऊन पोचले होते आणि दारातच त्यांनी माझा दंड धरला.

"गणपत, अपना माल तो नहीं था ना?"

"बघू द्या, शेठ."

"अपना निकला तो दुकान बंद. ते समज."

मला त्यांचा राग आला. पण त्यांचाही काही दोष नव्हता. बाहेर देशमुखांची माणसं आधीच बोलायला लागली होती की शेठच्या काळ्या गोळीनं घात केला.

अमीनसाहेबांनी रायफल आणि एक रिकामी केस माझ्यापुढं ठेवली. "देखो मिस्त्री, सच बोलना. बंदूक में खराबी थी या कारतूस में?"

रायफल मी पुन्हा पाहिली. तिला काही झालं नव्हतं. मग केस भिंगाखाली धरली. पितळ चकचकीत. बुडावरच्या शिक्क्याच्या अक्षरांत पिवळी हळद बसलेली होती, आणि टोपीच्या कडेला तेल जळून काळं कडं झालं होतं.

"हे दुकानातलं नाही, साहेब. हे पूजेतलं आहे."

शेठनी एवढ्या मोठ्यानं श्वास सोडला की अमीनसाहेबांनी वर पाहिलं. मी बापूसाहेबांकडे वळलो.

"पाच दिली होती ना तुम्हाला?"

"पाची तशीच हायेत," ते म्हणाले.

"मग हे आत कसं आलं?"

त्यांनी मांडीवरच्या फेट्याकडे बघत सांगितलं. पहिला बार पूजेच्या गोळीचा, ही त्यांच्या घरची रीत. वडील पाळत होते, आजोबाही पाळायचे, तेव्हा ठासणीची बंदूक होती. आधी देवाचा बार, मग आपला. मचाणावर चढायच्या आधी त्यांनी डब्यातलं एक आत घातलं. सोमलानं पाहिलं. तो म्हणाला, मालक, मिस्त्रीची घाला. ते म्हणाले, पहिली ही जाऊ दे, मागून चार-पाच हायेतच. सोमला पुढं बोलला नाही. त्याचा मालक होता तो, आणि रायफलही मालकाची.

दिवेलागणीला वाघ आला. अजून उजेड होता, दिसत होतं. बांधलेल्या बोकडापाशी येऊन तो आडवा उभा राहिला, ह्याहून चांगला निशाणा मिळत नाही. बापूसाहेबांनी घोडा दाबला. टक.

"मग?" अमीनसाहेब म्हणाले.

"मग काय. मला वाटलं फुसकी निघाली. म्या राफल खाली घेतली आन् नाईकाकडं वळलो. दुसरी गोळी त्याच्या हातात दिल्ती ना. त्यानं नळी धरली. दोन्ही हातांनी धरली आन् पुढं लोटायला लागला. 'मालक, थांबा. पान लावू द्या,' म्हनला. म्या म्हनलं, सोड…"

ते तिथंच थांबले. पुढचं सगळ्यांना कळलं होतं.

सोमलाला सगळं पाठ होतं. नळी समोर राहिली पाहिजे, हे त्या मचाणावर एकट्या त्यालाच आठवलं, आणि ती समोर करायला म्हणून त्यानं तिला हात घातला. मी सांगितलेलं त्यानं शब्दशः पाळलं. ज्याच्या खांद्यावर रायफल होती त्यानं पाळलं नाही. मला त्या क्षणी बापूसाहेबांच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी लोहार, ते देशमुख, समोर अमीन. हात टेबलावरच राहिला.

"इत्तफाक," अमीनसाहेबांनी निर्णय दिला. अपघात. रायफल काही दिवस कचेरीत राहिली, मग परत मिळाली. उरलेली पूजेतली काडतुसं नष्ट करायचा हुकूम मला झाला. बापूसाहेबांचा निरोप आला की देवाच्या वस्तू आहेत, कयाधू नदीत विसर्जन करा. मी निरोप घेऊन आलेल्या गड्याला सांगितलं, मालकांना म्हणावं, नदीवर लोक पाणी भरतात.

बाजारच्या दिवशी दुपारी मी ती एकेक उघडायला बसलो. पकडीनं गोळी काढायची, आतली दारू कागदावर ओतायची. पहिल्यात दारू कोरडी ठणठणीत, जशी कारखान्यातून आली तशी. दुसऱ्यातही. तिसऱ्यातली तेलानं भिजून गुळाच्या ढेपेसारखी चिकटलेली. चौथ्यात पुन्हा कोरडी. बाहेरून सगळी सारखीच लखलखीत. चांदमारीवर मारलेल्या काडतुसांनी आपापल्याबद्दल खरंच सांगितलं होतं. डब्यातल्या बाकीच्यांबद्दल त्यांना काय ठाऊक असणार?

दारात सावली पडली. एक लमाणी बाई उभी होती. हातातल्या बलोया, म्हणजे हस्तिदंती बांगड्या, काढलेल्या, दंडावर त्यांचे पांढुरके वळ. ओळख सांगायची गरज नव्हती. मी उठून स्टूल दिलं. ती खालीच बसली.

"तुमीच मिस्त्री का?"

"हो, बाई."

"तुमचं नाव घेत व्हता घरी. मिस्त्रीनं पाच चांगल्या निवडून दिल्या म्हणं." तिनं टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. "ह्या मालकाच्या पूजेतल्या का?"

"त्यातल्याच. खराब झालेल्या."

"खराब गोळी उडत न्हाई ना, मिस्त्री?"

"उडते. पण आपण म्हणू तेव्हा नाही उडत."

बाहेर बाजार चालला होता, कुणीतरी मिरच्यांचा भाव पुकारत होतं.

"वाघ म्होरं उभा व्हता तवा न्हाई उडाली. माझा माणूस म्होरं आला तवा उडाली. असं काहून?"

टोपी, तेल, उशीर, हे सगळे शब्द माझ्यापाशी होते. अमीनसाहेबांना मी ते सांगितले होते आणि त्यांनी मान डोलावली होती. तिला मला एकही सांगता आला नाही.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायला आली होती. उठताना म्हणाली, "वाघ परवा पुन्ना आल्ता. आमी तांडा उठवून राहिलो. पुसेगावच्या अंगाला जातो." आणि पायरी उतरून बाजारात शिरली. वाघ पुढं कुणी मारला नाही. त्या डोंगरात तो असाच कधीतरी म्हातारा होऊन मेला असेल. तांड्याची जागा मी नंतर एकदा पाहिली, चुलींचे दगड तेवढे राहिले होते.

मी पुढं बरीच वर्षं ह्या धंद्यात होतो. चांगलं काडतूस कसं ओळखायचं, असं गिऱ्हाईक विचारी. मी सांगायचो, शिक्का बघा, मान बघा, टोपी बघा, तोलून बघा. मारून बघाल तर जे मारलं त्याचीच खात्री होईल, आणि ते तर संपलेलं असेल. एवढं सांगून झालं की आणखी एक सांगायचो. ज्याच्यावर तुमची भक्ती आहे ते काडतूस देव्हाऱ्यातही ठेवू नका, माझ्याकडे आणून द्या. रायफलमध्ये घालायचं ते असं, ज्याच्यावर आधी पोटभर संशय घेऊन झालेला आहे.